जागा कशासाठी हवी होती?
(बॅरिस्टर आंबेडकरांच्या मुंबई विधिमंडळातील कारकिर्दीवरील संग्रहाची प्रस्तावना)

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव येरवड्याशी जोडले जाते ते २४ सप्टेंबर १९३२ च्या करारामुळे. शाळेच्या पुस्तकात हा करार चार ओळींत संपतो. ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला, गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले, वाटाघाटी झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या. विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो. पण ज्या जागांवरून एवढा झगडा झाला, त्या होत्या कुठल्या? करारात आकडा मांडून ठरलेल्या १४८ जागा प्रांतिक कायदेमंडळांतल्या, म्हणजे आजच्या भाषेत आमदारकीच्या होत्या. आणि अस्पृश्यांच्या वतीने त्यांच्यासाठी भांडणारा माणूस त्या वेळी स्वतः साडेपाच वर्षे मुंबईच्या कायदेमंडळात बसत होता आणि नऊ वर्षे मुंबईच्या हायकोर्टात वकिली करत होता.

हा संग्रह त्या वकिलाचा आणि त्या आमदाराचा आहे. १९२७ ते १९३९ या काळातली विधिमंडळातली निवडक भाषणे, त्यांनी मांडलेल्या विधेयकांचा सारांश आणि त्यांनी लढवलेल्या काही खटल्यांची हकिकत इथे मराठीत एकत्र आली आहे. मूळ भाषणे इंग्रजीत आहेत. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९८२ मध्ये काढलेल्या दुसऱ्या खंडात ती वाचायला मिळतात. तरीही मराठी वाचकाच्या मनातले बाबासाहेब महाडच्या तळ्यावरून थेट घटना समितीत पोचतात. मधली वर्षे अंधुक राहतात. येरवड्यात जागा किती मिळाल्या हे आपल्याला ठाऊक असते. त्या कशासाठी हव्या होत्या, याचे उत्तर या मधल्या वर्षांत आहे.

बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टरी केली आणि १९२३ च्या जुलैत मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. कोलंबिया आणि लंडन या दोन विद्यापीठांतल्या पदव्या आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध एवढी तयारी असूनही सनदेच्या पैशांसाठी त्यांना स्नेही नवल भथेना यांच्याकडे हात पसरावा लागला. पुढे अडचण वेगळीच निघाली. हायकोर्टाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला काम मिळते ते सॉलिसिटरमार्फत. सॉलिसिटरांच्या पेढ्या अस्पृश्य समाजातल्या तरुण बॅरिस्टरकडे ब्रीफ पाठवायला तयार नव्हत्या. त्यामुळे त्यांची वकिली अपील शाखेत आणि जिल्ह्याच्या कोर्टांत वाढली. अशील बहुतेक गरीब. राहणे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, कचेरी दामोदर हॉलजवळ, आणि तीच बहिष्कृत हितकारिणी सभेचीही जागा. घर चालावे म्हणून त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. नंतर ते सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ मध्ये तिथेच प्राचार्य झाले.

एवढ्या अडचणीतही वकील म्हणून त्यांनी कोणते खटले घेतले, हे बघण्यासारखे आहे. १९२६ मध्ये पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरून अब्रुनुकसानीचा खटला गाजला. लेखक दिनकरराव जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी यांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली होती. हे सगळे ब्राह्मणेतर चळवळीतले बिनीचे कार्यकर्ते. अपिलात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली आणि ते निर्दोष सुटले. पुण्याच्या सार्वजनिक जीवनात बाबासाहेबांचे नाव पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर चर्चेत आले ते या कोर्टातल्या कामामुळे.

दुसरा खटला र. धों. कर्व्यांचा. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून कर्वे संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांवर उघडपणे लिहीत, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये हायकोर्टात बाबासाहेब कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. लोक ज्या गोष्टी विचारतात त्यांची शास्त्रीय उत्तरे देणे गुन्हा होऊ शकत नाही, ही त्यांची भूमिका कोर्टाला पटली नाही. कर्व्यांना दंड झाला. पण ते प्रकरण बाबासाहेबांनी तिथेच सोडले नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला. जे कोर्टात मिळाले नाही ते कायदेमंडळात मागायचे, ही त्यांच्या कामाची रीत या दोन पराभवांतूनच सर्वांत स्वच्छ दिसते.

महाडचे प्रकरण याच रीतीचे, उलट दिशेने चाललेले, सर्वांत मोठे उदाहरण. त्याची सुरुवात कायदेमंडळात झाली होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण तळ्यावर जायची कुणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरलेला असताना काही सवर्णांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरती मनाई मिळवली. हजारो लोक महाडला जमलेले होते. बाबासाहेबांनी कोर्टाचा मनाई हुकूम मानला, तळ्यावर जायचे थांबवले आणि दावा लढवला. दावा खालच्या कोर्टांतून चढत चढत हायकोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना शाबीत करता आली नाही, असे हायकोर्टाने ठरवले. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये अहमदाबादच्या सेशन्स कोर्टात गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. त्या शिक्षेसाठी गांधीजींना पहिल्यांदा येरवड्याला आणले गेले होते.

ठराव, सत्याग्रह, दावा: चवदार तळ्याला या तिन्हींतून जायला जवळजवळ चौदा वर्षे लागली. कोर्टाचा हुकूम मानून परत फिरलेल्या त्या हजारोंना किती संयम ठेवावा लागला असेल, याचा विचार आपण फारसा करत नाही. त्या संयमाला अर्थ होता, कारण त्यांचा नेता निकाल हाती येईपर्यंत दावा सोडणार नव्हता.

मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब १९२७ च्या फेब्रुवारीत आले ते निवडून नव्हे, गव्हर्नरच्या नियुक्तीने. १९१९ च्या सुधारणांनुसार अस्पृश्यांना निवडणुकीने प्रतिनिधी पाठवण्याची सोय नव्हती. शंभराहून अधिक सभासदांच्या त्या सभागृहात बाबासाहेब आणि डॉ. पी. जी. सोळंकी असे दोघेच त्यांच्या वतीने बसत. पावसाळ्यातले अधिवेशन पुण्यात, कौन्सिल हॉलमध्ये होई. या संग्रहातली अनेक भाषणे मुंबईत नव्हे, पुण्यात झालेली आहेत, हे वाचताना पुणेकरांनी ध्यानात ठेवावे.

त्यांचे पहिले भाषण २४ फेब्रुवारी १९२७ चे, अंदाजपत्रकावर. नियुक्त सभासदाने, आणि तोही अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून आलेल्याने, आपल्या समाजापुरती एखादी मागणी मांडून बसावे अशी सभागृहाची अपेक्षा असणार. त्यांनी हात घातला तो शेतसाऱ्याला. एक एकरवाल्यालाही त्याच दराने सारा आणि शंभर एकरवाल्यालाही त्याच दराने. पीक बुडाले तरी सारा देणे भाग. उलट प्राप्तिकर उत्पन्नावर बसतो, ठरावीक मर्यादेखाली तो माफ असतो आणि उत्पन्न वाढले की दर वाढतो. मग शेतकऱ्यालाच हा न्याय का नाही, हा त्यांचा सवाल होता. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि गरीब अशिलांचा वकील या भाषणात एकत्र बोलतात.

मार्चातले शिक्षणावरचे भाषण त्याहून टोकदार आहे. प्रांतात माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च होतात आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल होतात, हे त्यांनी आकड्यांत मांडले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात आणि बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी सांगितले. लोकांकडून अबकारीत जेवढे घेतले जाते तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च व्हावे, एवढीच मागणी. आज विधानसभेत अंदाजपत्रकावर बोलणाऱ्या कोणत्याही आमदाराने हे भाषण आधी वाचावे, इतकी त्याची रचना नेटकी आहे: एक आकडा, त्याच्याशेजारी दुसरा आकडा, आणि दोहोंमधून निघणारी मागणी.

जुलै १९२८ मध्ये कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या रजेचा पगार देणारे विधेयक चर्चेला आले. गिरणीमालकांवर बोजा पडेल अशी हाकाटी होती. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा. पण स्त्रीच्या श्रमातून मालकाला फायदा होतो, म्हणून त्यानेही भार सोसला पाहिजे, असे त्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात हा कायदा झाला. पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री झाले, तेव्हा कामगार कायद्यांचा विचार त्यांच्यासाठी नवा नव्हता.

आणि मग महार वतनाचे विधेयक. गावकीची सगळी कामे महारांनी करायची: सरकारी टपाल पोचवायचे, साहेबांच्या मुक्कामाची सरबराई करायची, मेलेली जनावरे ओढायची, दवंडी पिटायची. दिवस असो वा रात्र, हाक आली की हजर. बदल्यात वतनाची तुटपुंजी जमीन आणि गावाकडून बलुते. बलुते देणे न देणे गावाच्या मर्जीवर. एका माणसाने काम नाकारले तर साऱ्या भावकीवर संकट. या व्यवस्थेचा कायदेशीर आधार होता १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी त्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्यांना वतन नको त्यांना ते सोडता यावे, जमीन नेहमीच्या साऱ्यावर कसणाऱ्याकडे राहावी, बलुत्याच्या जागी ठरलेला पैसा मिळावा आणि कामाचे तास व स्वरूप निश्चित व्हावे, असा त्याचा रोख होता.

दीड वर्ष ते चिवटपणे लढले. सिलेक्ट कमिटीत विधेयकाची धार इतकी बोथट केली गेली की शेवटी, १९२९ च्या जुलैत, त्यांनी ते मागे घेतले. १९३७ मध्ये नव्या विधानसभेत त्यांनी पुन्हा तोच विषय घेतला. अखेर कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये, बाबासाहेब गेल्यानंतर. पुण्याच्या आसपासच्या गावांत महार वतनाच्या जमिनींवरून आजही कज्जे चालतात. त्यांची मुळे ज्याला समजून घ्यायची असतील, त्याने १९२८ ची ही चर्चा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचावी.

या वर्षांतच प्रतिनिधित्वाविषयीचे त्यांचे मत घडत गेले. सायमन कमिशनसमोर त्यांची साक्ष २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात झाली. बहिष्कृत हितकारिणी सभेने कमिशनला दिलेल्या निवेदनात १४० सभासदांच्या कौन्सिलात अस्पृश्यांसाठी २२ जागा मागितल्या होत्या. त्या काळात बाबासाहेबांची मुख्य मागणी होती प्रौढ मताधिकाराची, आणि त्यासोबत संयुक्त मतदारसंघात राखीव जागांची. १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात तर त्यांनी जातवार मतदारसंघांवर टीका केली. प्रौढ मताधिकार मिळत नसेल तर मात्र स्वतंत्र मतदारसंघाखेरीज अस्पृश्यांच्या मताला किंमत राहणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. गोलमेज परिषदेत प्रौढ मताधिकाराची आशा मावळत गेली आणि त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. हा क्रम ठाऊक नसला की येरवडा करार दोन माणसांच्या हट्टाची गोष्ट वाटू लागतो. खरा प्रश्न होता तो असा: ज्या गावात अस्पृश्याला पाण्यालाही हात लावू देत नाहीत, त्या गावाच्या बहुमताने निवडून आलेला अस्पृश्य प्रतिनिधी सभागृहात उभा राहून त्या गावाविरुद्ध बोलू शकेल का?

१९३२ च्या ऑगस्टात जातीय निवाडा जाहीर झाला तेव्हा गांधीजी येरवड्यात कैदेत होते. २० सप्टेंबरला त्यांनी उपोषण सुरू केले. पुढचे पाच दिवस पुणे हे साऱ्या देशाचे वाटाघाटींचे केंद्र बनले. तुरुंगाच्या अंगणात, आंब्याच्या झाडाखाली जमलेल्या माणसांची यादी पाहिली तर एक गोष्ट लगेच दिसते. गांधीजी स्वतः बॅरिस्टर. बाबासाहेब बॅरिस्टर. मध्यस्थी करणारे तेजबहादूर सप्रू आणि मुकुंदराव जयकर नामांकित कायदेपंडित. मदनमोहन मालवीय, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद यांनीही वकिली केलेली. एका माणसाच्या प्राणावर बेतलेली वेळ होती, बाहेर साऱ्या देशाचा दबाव होता, अस्पृश्यांच्या वस्त्यांवर त्याचा काय सूड उगवला जाईल ही भीती बाबासाहेबांच्या मनावर होती. तशातही हे लोक एकेका कलमावर घासाघीस करत होते, कारण शेवटी हाती राहणार ती कलमेच, हे प्रत्येकाला पक्के ठाऊक होते.

बाबासाहेबांनी तिथे जे केले ते कसलेल्या वकिलाचे काम होते. स्वतंत्र मतदारसंघ टिकवता येणार नाहीत हे दिसल्यावर त्यांनी जागांचा आकडा वाढवून घेतला. प्रांतिक कायदेमंडळांत निवाड्याने दिलेल्या जागांच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे १४८ जागा ठरल्या: मद्रासला ३०, बंगालला ३०, मध्य प्रांताला २०, संयुक्त प्रांताला २०, बिहार-ओरिसाला १८, सिंधसह मुंबईला १५, पंजाबला ८ आणि आसामला ७. त्यापुढे प्राथमिक निवडणुकीची अट आली. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांचे पॅनेल निवडायचे आणि मग त्या चौघांतून सर्व मतदारांनी एकाला. या पद्धतीची मुदत करारात दहा वर्षे ठरली. मध्यवर्ती कायदेमंडळातल्या सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के, स्थानिक संस्था व सरकारी नोकऱ्यांत प्रवेशाला अस्पृश्यतेची आडकाठी नाही, आणि प्रत्येक प्रांताने शिक्षणासाठी पुरेशी रक्कम राखून ठेवायची, हीही कलमे होती. शिक्षणाचे कलम वाचताना १९२७ चे १४ आण्यांचे भाषण आठवते.

करारावर बाबासाहेब समाधानी नव्हते. १९४५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी उपोषणाच्या दबावावर आणि कराराच्या परिणामांवर कठोर टीका केली, आणि १९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मागितले. ४ फेब्रुवारी १९३३ रोजी ते पुन्हा येरवड्याला गांधीजींना भेटले. त्या वेळी रंगा अय्यर यांच्या मंदिरप्रवेशाच्या विधेयकाची चर्चा होती. मंदिर उघडायचे की नाही हे बहुमतावर सोडणारे आणि अस्पृश्यतेला पाप न ठरवणारे ते विधेयक त्यांना अपुरे वाटले आणि त्यांनी त्याला पाठिंबा दिला नाही. कायद्यात काय लिहिले आहे हे बघितल्याशिवाय चांगल्या हेतूवर सही करायची नाही, ही शिस्त त्यांनी सोडली नाही.

या नव्या व्यवस्थेतली पहिली निवडणूक १९३७ च्या फेब्रुवारीत झाली. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. पक्षाच्या सतरा उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले आणि त्यांत अनंतराव चित्रे, सुरबा टिपणीस, शामराव परुळेकर असे सवर्ण सहकारीही होते. स्वतः बाबासाहेब मुंबईच्या भायखळा-परळ जागेवरून उभे होते. समोर काँग्रेसचे उमेदवार पाळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टी सांभाळता सांभाळता गोलंदाजी शिकलेला आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात नाव कमावलेला हा थोर क्रिकेटपटू पुणे कराराच्या सह्या करणाऱ्यांतला एक. त्या करारातून आलेल्या जागेसाठी करारावर सही करणारे दोघे एकमेकांसमोर उभे राहिले आणि बाबासाहेब जिंकले.

बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले आणि बाबासाहेब विरोधी बाकांवर बसले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणात खोत सरकारला ठरलेला सारा भरी आणि कुळांकडून हवे ते वसूल करी. धान्य, वेठबिगार, सगळे. अलिबागजवळ चरीचे शेतकरी नारायण नागू पाटलांच्या मागे १९३३ पासून संपावर होते. खोताला मोबदला देऊन खोती रद्द करावी आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्या कुळाला सरकारचा खातेदार करावे, असे विधेयक होते. कुळांत कुणबी, आगरी, महार सगळेच होते. १० जानेवारी १९३८ रोजी वीस हजारांहून अधिक शेतकरी मुंबईत कौन्सिलवर मोर्चाने गेले आणि शिष्टमंडळ खेरांना भेटले. विधेयक त्या सभागृहात पुढे सरकले नाही. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा.

१९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकावरचे त्यांचे भाषण या संग्रहातले सर्वांत बळकट पान आहे. विधेयकाने काही परिस्थितींत संप हा गुन्हा ठरत होता. वकील म्हणून त्यांनी मांडलेला मुद्दा असा: काम सोडणे म्हणजे फार तर कराराचा भंग, आणि कराराच्या भंगाला कायदा नुकसानभरपाई मागतो, तुरुंग दाखवत नाही. संपासाठी मजुराला तुरुंगात टाकणे म्हणजे त्याच्याकडून सक्तीने काम करवणे. हे विधेयक म्हणजे मजुरांचे नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारा कायदा आहे, असे त्यांनी म्हटले. विधेयक मंजूर झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांसह त्यांच्या पक्षाने मुंबईत एक दिवसाचा संप केला.

या कारकिर्दीचा जमाखर्च मांडला तर सभागृहातल्या विजयांचा रकाना लहान भरतो. वतनाचे विधेयक मागे घ्यावे लागले, खोतीचे अडकले, संततिनियमनाचा ठराव पडला, कलह विधेयक विरोधाला न जुमानता झाले. पण वतने गेली, खोती गेली, बाळंतपणाच्या रजेचा कायदा देशभर आला, संततिनियमन सरकारी धोरण झाले. सभागृहात हरलेली मांडणी लेखी राहते, नोंदवहीत राहते, आणि पुढच्या माणसाला तिथून काम सुरू करता येते. विरोधी बाकांवरचा आमदार काय करू शकतो, याचा याहून भक्कम दाखला मराठी मुलखात मला दुसरा दिसत नाही.

१९४७ मध्ये फाळणीमुळे बंगालमधून निवडून आलेली त्यांची घटना समितीतली जागा गेली. तेव्हा ते पुन्हा निवडून आले ते मुंबई विधिमंडळाच्या मतांनी. राजेंद्रप्रसादांनी त्यासाठी पत्र लिहिले ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, खेर यांना, आणि रिकामी झालेली जागा होती जयकरांची. १९३२ च्या पुण्यातले दोघे आणि १९३७ च्या सभागृहात समोर बसलेले खेर या निवडीशी जोडले गेले. मतभेद कायम होते. तरीही राज्यघटनेचे काम या माणसाशिवाय चालणार नाही हे ज्यांना कळले, त्यांनी त्याला वकील आणि आमदार म्हणून जवळून काम करताना पाहिले होते.

आज घटनेच्या ३३२ व्या कलमाने राज्यांच्या विधानसभांत राखीव जागा आहेत. मतदार संयुक्त, जागा राखीव. प्राथमिक निवडणूक तेवढी गेली. महाराष्ट्राच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. नदीपलीकडचा पुणे कॅन्टोन्मेंट त्यांतलाच एक. येरवडा मात्र वडगाव शेरीच्या सर्वसाधारण मतदारसंघात येतो. राखीव असो वा सर्वसाधारण, जागेवर बसलेल्या माणसाने काय करायचे असते याचा पाठ एकच आहे, आणि तो बाबासाहेबांनी राखीव जागा अस्तित्वात येण्याआधीच, गव्हर्नरने दिलेल्या खुर्चीवर बसून गिरवला होता. ज्याने नेमले त्याच्याच सरकारला त्यांनी शेतसाऱ्यावरून आणि शिक्षणावरून जाब विचारला.

वाचकाने हा संग्रह चरित्र म्हणून वाचू नये. एखादे विधेयक निवडावे, आधी त्यातली मागणी वाचावी, मग विरोधकांचे आक्षेप, मग बाबासाहेबांचे उत्तर, आणि शेवटी त्या विषयावरचा आजचा कायदा शेजारी ठेवावा. वतनाच्या बाबतीत १९५८ चा, खोतीच्या बाबतीत १९४९ चा. काय मिळाले आणि काय राहून गेले हे आपोआप दिसेल. कायद्याचे विद्यार्थी, वस्तीतले कार्यकर्ते, नगरसेवक होऊ पाहणारे तरुण यांनी ही सवय लावून घेतली तर या पानांचे सार्थक होईल.

प्रौढ मताधिकार बाबासाहेबांनी १९२८ मध्ये पुण्यात सायमन कमिशनपुढे मागितला. तो आपल्याला राज्यघटनेने दिला. त्या मताने आपण ज्याला निवडून देतो त्याने सभागृहात कोणते विधेयक मांडले, कोणत्या कलमाला हरकत घेतली, कोणाच्या बाजूने आकडे गोळा केले, हे विचारण्याचा हक्क त्या मतातच आहे. येरवड्यात ज्यासाठी एवढे भांडण झाले त्या जागेचे मोल शेवटी या प्रश्नाने ठरते, आणि तो दर अधिवेशनानंतर विचारणे हे मतदाराचे काम आहे.

येरवडा, पुणे